ओल कोणाची?

अण्णा गेल्यावर त्यांची ट्रंक उघडायला आम्हाला बरीच वर्षं लागली. उघडली ती अगदी शेवटी, खोली रिकामी करायची वेळ आली तेव्हा. भाडेपावत्यांच्या गठ्ठ्याखाली एक जाड पुठ्ठ्याची फाईल होती. वर त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द : ‘भिंत’. आत सतरा पत्रांच्या कार्बन प्रती. पहिलं पत्र जुलै १९६१चं, शेवटचं ऑगस्ट १९७२चं. सगळी घरमालकाला लिहिलेली. मजकूर जवळजवळ तोच : मागच्या भिंतीला ओल येते, गिलावा सुटला आहे, बुरशी धरते, कपडे व धान्य खराब होतं, लहान मूल घरात आहे, कृपया पाहणी करावी. मूल म्हणजे सुरुवातीला मी, आणि १९६४ नंतर माझा धाकटा भाऊ.

गिरगावातली आमची खोली तिसऱ्या मजल्यावर, मागच्या अंगाला होती. दहा बाय बारा, आणि कोपऱ्यात मोरी. मागची भिंत घरगल्लीत उतरायची. ज्यांनी चाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते : दोन इमारतींच्या पाठी जिथे एकमेकींना जवळजवळ टेकतात, तिथे मधे उरलेली अरुंद बोळ म्हणजे घरगल्ली. सांडपाण्याचे नळ तिथे उतरतात, कचरा तिथेच पडतो, ऊन मात्र कधी पोचत नाही. त्या भिंतीला मृगाच्या दुसऱ्या आठवड्यात घाम फुटायचा. आषाढ संपता संपता हिरवट ठिपके, श्रावणात ते काळे व्हायचे आणि कपाटामागून एक कुबट वास घरभर पसरायचा. शाळेत माझ्या दप्तरालाही तो वास येई. शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या दप्तरालाही येई, म्हणून आम्हाला त्याची लाज वाटली नाही.

आईचे उपाय ठरलेले होते. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. लाकडी पेटीत डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. गाद्या दिवसा गॅलरीच्या कठड्यावर, पावसाने उघडीप दिली तर. दर शनिवारी भिंत कोरड्या फडक्याने पुसायची. (कोरड्या फडक्याने पुसलं की बुरशीचे बीजाणू उलट खोलीभर उडतात, हे मला पन्नास वर्षांनी वाचायला मिळालं. आईला सांगितलं नाही.)

मी महाविद्यालयात इतिहास शिकवला. मुंबईच्या चाळींवर जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं वाचलं. संप, मेळे, नाटकं, प्लेग, स्थलांतर, खानावळी, सगळं त्यात आहे. ओल बहुधा एखाद्या विशेषणापुरती येते : ‘अंधाऱ्या, दमट खोल्या’. ती फाईल हाती आल्यावर मला प्रश्न पडला की हे विशेषण कोणाच्या खात्यावर लिहिलेलं होतं? भिंत मालकाची, भिंतीवरची बुरशी मात्र भाडेकरूची, असं कधी आणि कसं ठरलं? निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता. त्यात जे सापडलं ते इथे मांडते आहे.

सुरुवात पाण्यापासूनच करावी लागते. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने मुंबईत आलं. विहिरी-तलावांवर जगणाऱ्या शहराला हे वरदान होतं, पण आलेलं पाणी वाहून न्यायची सोय त्या मानाने फार मागे राहिली. कापसाच्या भरभराटीत बेटाच्या सखल भागांत दाट वस्ती उभी राहिली, खोलीखोलीत किंवा मजल्यामजल्यावर मोरी आली, आणि मोरीचं पाणी कच्च्या गटारांतून जमिनीत मुरू लागलं. खालून जमीन ओली आणि वरून चार महिने दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. विटा आणि चुना दोन्ही पाणी शोषतात. तळमजल्याची भिंत पायातून पाणी वर ओढते, वरच्या मजल्याची भिंत पन्हळीतून आणि भेगेतून. कोरडी झाल्यावर तिच्यावर पांढरा क्षार फुटतो, त्याला आपल्याकडे लोणा लागणं म्हणतात. लोणा लागलेली भिंत म्हणजे पाणी येऊन गेल्याची खूण, आणि बुरशी म्हणजे ते अजून गेलं नसल्याची.

या ओलीला सरकारदरबारी एकदाच खरं महत्त्व मिळालं. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. रोग कशाने पसरतो हे तेव्हा कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं. मांडवीच्या जमिनीत मुरलेलं सांडपाणी, दूषित हवा, अंधार आणि ओल यांवर अधिकाऱ्यांचा मोठा संशय होता. म्हणून सगळी मोहीम घराविरुद्धच चालली. गटारांतून समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडलं गेलं, भिंतींना चुना फासला गेला, जमिनी उकरल्या गेल्या, आणि ऊन आत यावं म्हणून छपरावरची कौलं काढली गेली. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ अशी तीन अक्षरं रंगवली जात. पालिका आयुक्त स्नो यांचा या साथीवरचा अहवाल वाचताना एक गोष्ट सतत जाणवते. घराच्या अवस्थेबद्दल मालकावरही राग आहे, पण ज्याच्या दारावर पथक उभं राहतं तो भाडेकरू आहे. त्याचं सामान रस्त्यावर येतं, त्याच्या चिंध्या जाळल्या जातात, कौलं काढलेल्या छपराखाली परत येऊन राहायचं त्यालाच असतं. ओल हा पहिल्यांदा गुन्हा ठरला, आणि गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो भाडेकरूच.

पुढे १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते काढले, समुद्राची हवा गर्दीत शिरावी हा त्यामागचा एक हेतू. ट्रस्टच्या पहिल्या दोन दशकांत पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांपेक्षा जास्त होत्या, हे त्याच्यावर झालेल्या टीकेत पुन्हा पुन्हा येतं. पाडलेल्या घरातले लोक शेजारच्या गल्लीत दाटीवाटीने शिरले आणि तिथली ओल वाढली.

या ट्रस्टच्या एका अध्यक्षाबद्दल मला मात्र थोडा जिव्हाळा वाटतो. जे. पी. ऑर हे त्यांचं नाव. १९१२ मध्ये त्यांनी मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर एक व्याख्यान दिलं. त्यांचा आग्रह एका कोनासाठी होता : साडेत्रेसष्ट अंश. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ काढली तर तिचा चढ साडेत्रेसष्ट अंशांहून जास्त असू नये. नियम मूळचा लंडनचा. साध्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी तरी मोकळी जागा मधे हवी. मी आमच्या चाळीला हा नियम लावून पाहिला. समोरची इमारत अंदाजे पन्नास फूट, म्हणजे घरगल्ली पंचवीस फुटांची हवी होती. प्रत्यक्षात अण्णा त्यात उभे राहून दोन्ही हात पसरत तेव्हा दोन्ही भिंतींना बोटं लागत. साडेपाच फूट. आमची चाळ ऑरसाहेबांच्या व्याख्यानाआधीच उभी राहिलेली होती, त्यामुळे तिला कोणी काही विचारलं नाही.

तोवर वैद्यकशास्त्र पुढे गेलं होतं. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्येच प्लेग उंदरांच्या पिसवांमधून पसरतो असं मांडलं होतं. १९०५ पासून काम केलेल्या संशोधन आयोगाने मुंबईतच त्याला बळकटी दिली. पिसू सापडली हे उत्तमच झालं, पण त्याचा एक परिणाम इतिहासाच्या पुस्तकांत नोंदला जात नाही. ओल आरोपातून सुटली. ती प्लेगचं कारण नव्हती, म्हणून ती कशाचंच कारण नाही असा जणू निकाल लागला. त्यानंतर भिंतीकडे बघायला पथकं आली नाहीत.

आता भाड्याकडे येते. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा १९१८ मध्ये मुंबईत पहिला भाडेनियंत्रण कायदा आला. आपल्याला जो ‘रेंट अ‍ॅक्ट’ म्हणून ठाऊक आहे तो १९४७चा. त्याने जुन्या खोल्यांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधून ठेवली आणि भाडेकरूला सहजासहजी काढता येणार नाही अशी तटबंदी घातली. या कायद्याबद्दल वाकडं बोलायला माझी जीभ रेटत नाही. गिरण्या, गोद्या आणि कचेऱ्यांमधल्या लाखो माणसांना त्याने या शहरात टिकवलं, आम्हालाही.

दुरुस्तीचं काय, हेही त्यात लिहिलेलं होतं. कलम २३ : घर राहण्याजोगं ठेवणं ही मालकाची जबाबदारी. त्याने टाळाटाळ केली तर भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या ठरावीक हिश्श्यापुरताच. त्याआधीच्या १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातही, कलम १०८ मध्ये, अशाच प्रकारची तरतूद होती. म्हणजे कागदावर उत्तर स्पष्ट होतं. ओल मालकाची.

अण्णांना हे कलम माहीत होतं. फाईलमध्ये १९६८च्या पत्राच्या पाठीमागे त्यांनी पेन्सिलीने हिशेब मांडला आहे. गवंड्याने सांगितलेला खर्च : घरगल्लीच्या बाजूने परांची बांधणं, जुना गिलावा खरवडणं, नवा गिलावा, फुटलेल्या नळाचा तुकडा बदलणं, मिळून ११०० रुपये. खाली आमचं भाडं : महिना १४ रुपये ५० पैसे, वर्षाचे १७४. त्याच्याखाली काहीच नाही, फक्त दोनदा मारलेली रेघ. अख्ख्या सहा वर्षांचं भाडं वळतं केलं तरी ती भिंत दुरुस्त होत नव्हती. कायद्याने दिलेला हक्क आणि कायद्याने बांधलेलं भाडं एकाच आकड्यात समोरासमोर आले होते.

मालकाची बाजूही याच आकड्यात आहे, ती न सांगणं अप्रामाणिकपणा होईल. चाळीत चौसष्ट खोल्या. सगळ्यांचं भाडं वेळेवर आलं, जे कधीच येत नसे, तर महिन्याला हजाराच्या आत-बाहेर. त्यातून पालिकेचा कर, मेहताजींचा पगार, जिन्यातले दिवे. चुन्याचा, लाकडाचा आणि गवंड्याचा भाव १९४०चा राहिलेला नव्हता. मालकाने दुरुस्ती थांबवली ती केवळ दुष्टपणाने नव्हे. आणि तरी, खोली हातची सोडताना पागडीतला वाटा घ्यायला तो हजर असे, हेही तितकंच खरं. पागडी देऊन आलेला भाडेकरू स्वतःला निम्मा मालक समजे. दुरुस्तीची वेळ आली की मात्र तो पुन्हा पूर्ण भाडेकरू होई. या दोन अर्ध्या मालकांच्या मधे भिंत निराधार झाली.

मग भाडेकरूंनी काय केलं? जे हाताला येईल ते. इथे थोडं चुन्याबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या मते ओलीच्या इतिहासातला मोठा बदल कायद्याच्या पुस्तकात घडला नाही, रंगाच्या दुकानात घडला.

माझ्या लहानपणी नवरात्रानंतर चाळीत चुन्याच्या कळ्या यायच्या. पिंपात टाकून वर पाणी ओतलं की ते रटरट उकळायचं. आम्हा पोरांना लांब उभं करत. रात्रभर विझलेला चुना गाळायचा, त्यात थोडी नीळ घालायची, आणि काथ्याच्या कुंच्याने दोन हात मारायचे. दिवाळीच्या आधी सगळी चाळ निळसर पांढरी व्हायची. याला आपण सणाची रंगसफेदी म्हणतो, पण वेळ पाहिली तर ती पावसाळ्यानंतरची औषधफवारणी होती. विझवलेला चुना तीव्र अल्कधर्मी असतो, बुरशी त्यात जगू शकत नाही. पुढे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा पुन्हा चुनखडीसारखा थर बनतो, आणि जंतू मारण्याची धार वर्षभरात जाते, म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो. दुसरा गुण त्याहून मोलाचा : चुन्याचा थर सच्छिद्र असतो. भिंतीत शिरलेलं पाणी त्यातून वाफ होऊन निघून जातं. जुन्या भिंतीचा गिलावाही चुन्याचाच, त्यामुळे भिंत पावसाळ्यात प्यायची आणि हिवाळ्यात सोडायची.

चुन्याचा दोष एकच, तो अंगाला लागतो. कपडे पांढरे होतात म्हणून लोक त्यात सरस किंवा खळ घालू लागले. सरस म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून केलेला डिंक, खळ म्हणजे पीठ. दोन्ही बुरशीचं खाणं! मग डिस्टेंपर आलं, त्यानंतर ऑइलपेंट. साठ-सत्तरच्या दशकात खोलीला खालून चार फूट ऑइलपेंटचा पट्टा असणं ही सुधारलेल्या कुटुंबाची खूण होती. धुता येतो, चकाकतो, पोरांनी रेघोट्या मारल्या तर पुसता येतात. गळतीवर उपाय म्हणून चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंटचा गिलावा चढला. हे सगळं भाडेकरूने स्वतःच्या पैशाने, मालकाची वाट बघून थकल्यावर केलं. आणि त्यानेच भिंतीचं तोंड बंद झालं. बाहेरून पाणी येतच राहिलं, आतून निघायला जागा उरली नाही. ऑइलपेंटला पाण्याचे फुगे येत. बोटाने दाबले की पचकन पाणी निघे, हा आमचा श्रावणातला खेळ होता. फुगा फुटला की पोपडा, पोपड्याखाली काळी बुरशी. अण्णांनी १९६९च्या बोनसमधून ऑइलपेंट काढला होता. त्यानंतरच्या पत्रांत ओलीची उंची ‘दोन फूट’ची ‘साडेचार फूट’ झालेली दिसते. पट्ट्याच्या वर जिथे चुना उरला होता तिथून ती बाहेर पडत होती.

भावाचा दमा याच सुमारास सुरू झाला. डॉक्टरांनी सांगितलं, खोलीत हवा खेळली पाहिजे. अण्णांनी मागच्या भिंतीत, मोरीच्या वर, दीड फूट बाय एक फुटाची झडपांची खिडकी पाडली. गवंड्याला एका रविवारी बोलावून, मालकाला न विचारता. विचारायला सोळा पत्रं होतीच. त्या पावसाळ्यात भिंत पहिल्यांदा ऑगस्टमध्ये कोरडी लागली, असं आई सांगे. सतरावं पत्र त्यानंतरचं आहे. त्यात अण्णांनी, कदाचित उमेद येऊन, लिहिलं की खिडकीमुळे फरक पडला आहे, तरी बाहेरचा फुटका नळ तेवढा बदलून द्यावा.

या एकाच पत्राला उत्तर आलं. वकिलाकडून. ते फाईलमध्ये शेवटी लावलेलं आहे. भिंतीला ओल येण्याचं कारण आपण मोरीत वापरत असलेलं वाजवीपेक्षा जास्त पाणी हे आहे. तसेच आपण आपल्याच पत्रात कबूल केल्याप्रमाणे मालकाच्या लेखी परवानगीविना भिंत फोडून कायमस्वरूपी बांधकाम केलं आहे, सबब जागा खाली करून का घेऊ नये याचा खुलासा करावा.

धमकी पोकळ नव्हती. लेखी संमतीशिवाय कायम स्वरूपाचं बांधकाम हे १९४७च्या कायद्यात भाडेकरूला काढण्याचं एक कारण होतंच. कायम स्वरूपाचं म्हणजे काय, यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालत. ओटा, माळा, पार्टिशन, प्रत्येकावर भांडण. अण्णा गिरणीच्या कचेरीत कारकून. त्यांनी वकील केला नाही. नोव्हेंबर १९७२ मध्ये त्यांनी तीच खिडकी विटा लावून बुजवली आणि तसं कळवलं. त्यानंतर फाईलमध्ये एकही पत्र नाही.

मला ही खिडकी बुजवल्याचं आठवतं, पण लहानपणी मला सांगितलं होतं की घरगल्लीतले उंदीर येतात म्हणून.

सरकार या मधल्या काळात गप्प बसलं होतं असं नाही. पावसाळ्यात चाळी कोसळू लागल्या, माणसं मेली, आणि १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला. बेटावरच्या जुन्या इमारतींवर उपकर बसला, त्यातून मंडळ दुरुस्ती करणार होतं. अशा उपकरप्राप्त इमारतींची संख्या सुरुवातीला १९,६४२ होती. पुढे हे मंडळ म्हाडात आलं. जगाच्या पाठीवर फारच थोड्या शहरांनी खासगी चाळींच्या दुरुस्तीची एवढी जबाबदारी स्वतःवर घेतली असेल. पण कायद्यातली ‘संरचनात्मक दुरुस्ती’ची व्याख्या वाचा. कुजलेले, तडकलेले, ओळंब्यातून गेलेले भाग बदलायचे, तेही वेळीच न बदलल्यास इमारत कोसळू शकेल अशा अवस्थेत असतील तर. ओल या व्याख्येत बसते ती तुळई कुजवून झाल्यावर. त्याआधीची वीस वर्षं ती कोणाचीच नसते. आमच्याकडे मंडळाचे अभियंते १९८४ मध्ये आले. गॅलरीला लोखंडी टेकू लावले, दोन तुळया बदलल्या. मागची भिंत त्यांनी ठोकून पाहिली आणि म्हणाले, ‘भिंत मजबूत आहे.’ ते खरंच होतं.

मंडळाच्या खर्चाला चौरस मीटरमागे कमाल मर्यादा असते. दुरुस्ती त्याबाहेर गेली की इमारत पाडायची शिफारस होते. दुसरीकडे पालिकेच्या १८८८च्या कायद्यातल्या कलम ३५४ची नोटीस येऊ शकते : इमारत धोकादायक, खाली करा. खाली केलं की संक्रमण शिबिर, आणि संक्रमण शिबिरात जाऊन म्हातारे झालेले लोक आमच्या सगळ्यांच्या ओळखीचे होते. त्यामुळे चाळीत एक अलिखित शिस्त तयार झाली. गळती आपसात बोलायची, अर्जात नाही. बाहेरचा माणूस आला की ओलीवर कॅलेंडर लावायचं. आमच्या मजल्यावर श्रावणात जितकी देवांची कॅलेंडरं भिंतींवर असत तितकी मी कुठे पाहिली नाहीत. पिंपळाचं रोप भिंतीतून उगवलं तर तेही कोणी उपटायचं नाही. कारण धर्माचं सांगायचे, पण त्याची मुळं पन्हळीच्या मागे कुठवर गेली आहेत हे बघायची भीती त्याहून मोठी होती. जुन्या कागदपत्रांत भाडेकरूंच्या ओलीबद्दलच्या तक्रारी इतक्या थोड्या का, याचं मला तरी हे एक उत्तर सापडलं. इतिहासकाराने अशा ठिकाणी कागद नाही म्हणजे त्रास नव्हता असं समजू नये. विद्यार्थ्यांना मी हे तीस वर्षं सांगत होते, स्वतःच्या घराला लावलं नव्हतं इतकंच.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत असं म्हटलं, आणि १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ, पागडीला कायद्याची मान्यता. दुरुस्तीचं कलम आता चौदावं आहे : तीच पंधरा दिवसांची नोटीस, तोच वळता करण्याचा हक्क, मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्याची. अण्णांचा हिशेब या कायद्यातही सुटत नाही. भाडेकरूला काढण्याच्या कारणांत सलग सहा महिने जागा वाजवी कारणाविना वापरात नसणं हेही आहे. दम्याच्या पोराला घेऊन पावसाळाभर गावी जावं आणि दिवाळी तिकडेच करावी, तर आधी कारणाचे कागद जमवलेले बरे.

याच कायद्याच्या सोळाव्या कलमात, कायम स्वरूपाच्या बांधकामाखाली एक स्पष्टीकरण आहे. आवश्यक तिथे पालिकेच्या परवानगीने केलेली काही कामं कायम बांधकाम समजू नयेत. लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, जाळी, आणि वायुविजनासाठी आवश्यक असलेली खिडकी पाडणं. मी हे ग्रंथालयात वाचलं तेव्हा कलमाच्या कडेला पेन्सिलीने खूण केली. ग्रंथालयाच्या पुस्तकावर खूण करण्याची माझ्या आयुष्यातली ती एकमेव वेळ.

आजचे बहुतेक नवे भाडेकरू या कायद्याच्या संरक्षणात येतच नाहीत. ते अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहतात. माझी भाची ठाण्यात अशाच फ्लॅटमध्ये होती. वरच्या न्हाणीघरातून तिच्या बेडरूममध्ये पाणी पाझरत होतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत गच्चीची आणि बाहेरच्या बाजूची गळती संस्थेची, आतल्या नळांची सभासदाची, अशी वाटणी आहे. वरचा सभासद म्हणे नळ बाहेरचा आहे, संस्था म्हणे आतला आहे, घरमालक पुण्यात. भाची या तिघांपैकी कोणीच नव्हती. अकरा महिने भरल्यावर तिच्या अनामतीतून भिंत रंगवण्याचे पैसे कापले गेले, कारण बुरशीचे डाग तिच्या काळात पडले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या. दमट घरात राहण्याचा दमा आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध आहे, पण किती बीजाणू म्हणजे धोका असा आकडा देता येत नाही, म्हणून ओल मुळातच होऊ देऊ नये, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे प्लेगच्या वेळी चुकीच्या कारणासाठी पकडली गेलेली आणि पिसू सापडल्यावर सुटलेली ओल शंभर वर्षांनी पुन्हा आरोपी झाली. भावाला मी हे वाचून दाखवलं. तो विशीत नोकरीसाठी नागपूरला गेला, तिथल्या कोरड्या हवेत त्याचा दमा पुष्कळ कमी झाला. तो म्हणाला, ‘मग अण्णांनी भांडायला हवं होतं.’ मी म्हटलं, भांडले असते तर कदाचित खोली गेली असती, आणि आपण दोघं शिकलो ते त्या खोलीच्या चौदा रुपयांमुळे. तो म्हणाला, ‘तुला दमा नव्हता.’ यावर मला काही बोलता आलं नाही, अजूनही येत नाही.

इमारत पुनर्विकासाला गेली त्याआधी आम्ही दोघं शेवटची किल्ली द्यायला गेलो. सामान आधीच हललं होतं. कपाट काढल्यामुळे मागची भिंत प्रथमच पूर्ण दिसत होती. जुन्या विटांचा रंग सगळीकडे एक, मोरीच्या वर तेवढा दीड फूट बाय एक फुटाचा चौकोन वेगळा. अण्णांनी खिडकी बुजवली ती नव्या विटांनी आणि सिमेंटने. चारी कडांनी बुरशी सर्वांत दाट तिथेच होती, आखल्यासारखी. भावाने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि मोबाइलवर तिचा फोटो घेतला. मेहताजींच्या जागी आता एक तरुण मुलगा होता. त्याने शेवटची भाडेपावती फाडून दिली. ती मी फाईलमध्ये सतराव्या पत्राच्या मागे लावली आहे.